बांधावरचा बुध

मी एक जुना ग्रह आहे. दचकू नका मित्रांनो, आकाशातला नव्हे. चाळीसगावच्या एका शाळेत लाकडाची सूर्यमाला आहे, तिच्यातला मी बुध. मोठ्या लिंबाएवढा आकार, राखाडी रंग आणि एका बाजूला करपल्याचा काळा डाग. तो डाग मी अंगावर मिरवतो. सूर्याच्या सगळ्यात जवळ बसायचा मान माझा होता, आणि आमचा सूर्य शंभर वॅटचा होता! गुरू माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, शनीला तर पत्र्याची कडीसुद्धा होती. पण बटण दाबलं की पहिला उजेड पडायचा तो माझ्यावर. मी थोडा मिजासखोर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका निंबाच्या झाडातून झाला. ते झाड दोन शेतांच्या मधल्या बांधावर उभं होतं. एका बाजूला अभिमन पाटलांचं मोठं वावर, दुसऱ्या बाजूला भिका नावाच्या शेतकऱ्याचा लहानसा तुकडा. सकाळी झाडाची सावली एकाच्या कपाशीवर पडायची, दुपारनंतर दुसऱ्याच्या ज्वारीवर. बेचाळीस वर्षांपूर्वी भाद्रपदात एक वादळ आलं आणि ते झाड मुळासकट आडवं झालं.

त्याच सुमारास शाळेतले सुकदेव गुरुजी मुलांची सहल घेऊन पाटणादेवीला गेले होते. परतीच्या वाटेवर मुलांनी त्यांना ग्रहताऱ्यांबद्दल इतके प्रश्न विचारले, की उत्तरं देता देता त्यांचा घसा बसला. शाळेसाठी सूर्यमाला करायचीच, असं त्यांनी ठरवलं. अभिमनभाऊ दिलदार माणूस. ते म्हणाले, लाकूड माझ्याकडून घ्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निंबाचा ओंडका बैलगाडीत घातला आणि तोताराम नानांच्या दारात आणून टाकला.

नाना कातारी होते. लाकूड चरकावर गरगर फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला गोल आकार द्यायचा, हे काताऱ्याचं काम. नानांच्या हातची लाटणी, भोवरे आणि पाळण्याचे खुंट चाळीसगावच्या बाजारात नावाजलेले होते. त्यांनी ओंडक्याभोवती एक फेरी मारली आणि आमच्याकडच्या अहिराणीत विचारलं,

“हाई झाड कोनं शे?”

“बांधवरनं शे. मन्हंच समज,” अभिमनभाऊ म्हणाले.

“बांधवरनं शे ते दोन जनस्नं शे. दुसरा कोठे शे?”

“भिका? तो सुरतले शे, कापडनी मिलमा. त्याले काय इचारनं? तो थोडाच नही म्हनी?”

“मंग ईसन हो म्हनी जावो. तोपावत लाकूड आठेच पडेल ऱ्हाई.”

म्हणजे भिका येऊन हो म्हणेपर्यंत लाकूड तिथेच पडून राहणार. नानांच्या घरात ही रीत त्यांच्या आजोबांपासून चालत आली होती. बांधावरचं झाड असेल तर दोन्ही शेतांच्या मालकांनी यायचं, लाकडावर हात ठेवायचा, आणि मगच त्याला हत्यार लागायचं. अभिमनभाऊ चिडले. सुकदेव गुरुजींनी विनवण्या केल्या. नाना हसून चहा पाजायचे आणि ओंडक्याला हात लावायचे नाहीत. सुरतेला एक पोस्टकार्ड गेलं. भिकाचं उत्तर आलं, की सुट्टी मिळत नाही, चौदा एप्रिलला येतो.

सात महिने मी त्या अंगणात पडून होतो. तेव्हा मी बुध वगैरे काही नव्हतो, नुसतं लाकूड होतो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. शेजारची बकरी सालं कुरतडायची आणि कडू लागलं की तोंड वेंगाडायची. गुरुजींना मात्र धीर धरवेना. त्यांनी गुरू आणि शनी दुसरीकडून ओल्या आंब्याच्या लाकडाचे करवून घेतले. पहिल्याच उन्हाळ्यात गुरूच्या पोटावर बोटभर भेग पडली. तिच्यात लांबी भरलेली आजही दिसते. मी हसलो असं म्हणणार नाही, पण वाईटही वाटलं नाही.

भीमजयंतीला भिका गावी आला. मिरवणुकीसाठी घातलेल्या पांढऱ्याशुभ्र शर्टातच तो नानांच्या दारात येऊन उभा राहिला. अभिमनभाऊही आले. दोघांनी माझ्यावर हात ठेवले. अभिमनभाऊंचा हात जड आणि निवांत होता. भिकाने मात्र आधी तळहात पँटला पुसला आणि मग अलगद टेकवला.

“निम्मं तुन्हं शे. काय करू सांग,” नाना म्हणाले.

भिकाने ओंडका वितीने मोजला. शेवटी तो हळूच म्हणाला, “मन्ही बायको पोटुशी शे. पाळना करी द्या, नाना. उरी ते शाळाले द्या.”

त्याप्रमाणे एका निंबाचा पाळणाही झाला आणि ग्रहही झाले. पाळण्याच्या खुंटाचा एक टोकाकडचा तुकडा उरला होता, त्यातून नानांनी मला कातलं. म्हणजे तो पाळणा माझा सख्खा भाऊ. गुरुजींनी सूर्यमालेच्या पाटावर दोन्ही देणगीदारांची नावं रंगवली, आणि अभिमनभाऊंनीच त्यांना बजावून भिकाचं नाव स्वतःच्या नावाइतकंच ठळक लिहायला लावलं.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं फार सुखाची गेली. पाटाखाली एक मूठ होती. ती फिरवली की आम्ही सगळे आपापल्या तारेवर सूर्याभोवती फिरायचो, आणि सगळ्यात जास्त फेऱ्या माझ्या व्हायच्या. पाचवीतली मुलं मूठ फिरवायला भांडायची. साहेब तपासणीला आले की आम्हाला पुसूनबिसून टेबलावर मांडायचे. एकदा एका साहेबांनी मलाच बोट लावून विचारलं, “हा कोण?” आणि अख्खा वर्ग ओरडला, “बुऽऽध!” त्या दिवशी मी दोन फेऱ्या जास्तच मारल्या असतील.

मग प्लूटोची पाळी आली. परदेशात कुठेतरी सभा भरली, मोठ्या लोकांनी हात वर केले आणि प्लूटो ग्रह नाही असं ठरलं. आमच्या प्लूटोला बिचाऱ्याला तारेवरून काढलं. शाळेच्या शिपाई कुंदामावशींनी त्याला दाराला अडसर म्हणून ठेवलं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो आजही तिथे इमानाने बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

पुढे वर्गात भिंतीवर पडदा आला. पडद्यावर ग्रह स्वतःच फिरायचे, बोलायचेसुद्धा. आमची मूठ गंजली, सूर्याचा बल्ब उडाला तो कोणी बदलला नाही. आमची रवानगी अडगळीच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर झाली. अकरा वर्षं मी तिथे होतो. निंबाचा असल्यामुळे कीड लागली नाही, पण कोणी नाव घेऊन हाक मारावी असं फार वाटायचं. खिडकीतून समोरची संगणकाची खोली दिसायची. तिथे दहा नवे संगणक आले, तेव्हा मला जरा हेवा वाटला. पण आठवडाभरात त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या टोप्या चढल्या आणि दाराला कुलूप लागलं. खराब झाले तर भरून कोण देणार, या भीतीने कोणी ते उघडेना. तेव्हापासून मला त्यांची कीव यायला लागली.

एक दिवस अडगळीचं दार उघडलं आणि नववीतली संघमित्रा आत आली. सडपातळ, दोन वेण्या, कपाळाला आठ्या. तिच्यामागे विज्ञानाच्या नूतन मॅडम होत्या. संघमित्राने स्टुलावर चढून मला तारेवरून काढलं, ओढणीला पुसलं आणि म्हणाली, “मॅडम, हाच हवा होता. बुध!”

अकरा वर्षांनी माझं नाव ऐकलं हो मी! आनंदाने मला गरगरायला झालं. पण पुढचं वाक्य ऐकून माझी गिरकी थांबली.

“याच्या सोळा चकत्या करायच्या.”

जळगावच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिचा प्रकल्प होता, ‘बुधाचा महासंगणक’. तिने कुठेतरी वाचलं होतं, की काही विचारवंत मंडळी गंभीरपणे अशी कल्पना मांडतात: पुढेमागे माणसाने अख्खा बुध ग्रह फोडावा, त्याच्यातल्या धातूंचे अब्जावधी पातळ संगणक बनवावेत आणि ते सूर्याभोवती फिरते ठेवावेत. सूर्याची ऊर्जा फुकट, जागा हवी तेवढी. आज जे गणित सोडवायला हजार वर्षं लागतील ते चुटकीसरशी सुटेल. मग माझ्या चकत्यांवर सोनेरी कागद आणि जुन्या मोबाइलचे तुकडे चिकटवायचे आणि त्या बल्बभोवती टांगायच्या, असा तिचा बेत होता.

संघमित्रा दुष्ट नव्हती, मित्रांनो. तिला एक सात वर्षांचा भाऊ आहे, आकाश. त्याला सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांमध्ये अडकतात. थंडी पडली की त्याचे हातपाय असे दुखतात, की तो रडतही नाही, नुसता ओठ चावून पडून राहतो. धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं, की गोळ्या चालू ठेवा, नवी औषधं शोधायचं काम जगभर चालू आहे आणि आता त्यात संगणकाची फार मदत होते. तेवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. एका संगणकाने मदत होते, तर अख्ख्या ग्रहाएवढ्या संगणकाने सगळीच औषधं सापडतील, असा तिचा सरळ हिशोब होता.

खरं सांगू? मलाही तो हिशोब पटला. कपाटावर पडून राहण्यापेक्षा एखाद्या पोराचं दुखणं थांबवायला चकत्या झालो तर काय बिघडलं, असं मी मनाला समजावलं. थोडी मिजासही आली. गुरू नाही, शनी नाही, त्यांना मीच हवा होतो! पण शाळेच्या करवतीचं पातं माझ्या अंगात शिरलं तेव्हा सगळी मिजास जिरली. मी घाबरलो. बेचाळीस वर्षं मुरलेला निंब होतो म्हणून वाचलो. चार वेळा करवत फिरली नाही तोच पातं वाकलं आणि माझ्या अंगावर फक्त एक खाच पडली.

“हे नानांचं काम आहे,” कुंदामावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे तोताराम नानांची सून. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या संघमित्राला आणि मला घेऊन घरी गेल्या.

तेच अंगण. नाना आता ब्याऐंशी वर्षांचे झाले होते, पण चरक अजून ओसरीत होता आणि त्याच्यावर एक अर्धवट लाटणं चढवलेलं होतं. नानांनी मला हातात घेतलं, नखाने टकटक केलं, कानाशी नेलं.

“हाऊ मन्हा शे,” ते म्हणाले. “इतला वरीस व्हयनात, एक भेग नही.”

माझी छाती फुगली. मला छाती नाही, पण तुम्ही समजून घ्या.

संघमित्राने सगळं समजावून सांगितलं. महासंगणक, सूर्याची ऊर्जा, सोळा चकत्या. नाना नीट ऐकत होते.

“म्हंजे खरा बुधन्या बी चकत्या करतीन का लोके?”

“शास्त्रज्ञ म्हणतात, पुढे कधीतरी जमेल.”

“कोना शे तो?”

“कोणाचाच नाही, नाना. तिथे कोणी राहत नाही. हवा नाही, पाणी नाही. नुसता दगड आहे.”

“बांधवर बी कोन ऱ्हास वं पोरी?” नाना म्हणाले. “कोनीच नही. तरी बी तो दोन जनस्ना ऱ्हास. इकडना अन् तिकडना.”

संघमित्राच्या कपाळावरच्या आठ्या वाढल्या. “इकडचे म्हणजे आपण. बुधाच्या तिकडचे कोण?”

नानांनी मला तळहातावर फिरवलं. मग म्हणाले, “ज्या आजून उनात नहीत, त्या.”

म्हणजे जे अजून जन्मालाच आलेले नाहीत ते. हे ऐकून संघमित्रा एकदम उसळली. शाळेत ती पुस्तकातली मराठी बोलते, पण रागावली की तिच्या तोंडी घरची अहिराणी येते.

“त्या कशा येतीन हात ठेवाले? मंग मन्हा भाऊनं काय, नाना? त्यानी कितला दिन थांबानं?”

आणि ती रडायला लागली. नानांनी आपला पंचा तिच्यापुढे धरला. उगाच धीर देण्यातले ते नव्हेत. इतकी वर्षं मी स्वतःला शहाणा समजत आलो, पण त्या पोरीचे अश्रू माझ्यावर पडले तेव्हा मला वाटलं, कापा मला, पण हिला रडवू नका.

कुंदामावशी चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबून म्हणाल्या, “मी बोलू का? शाळामा धा कंप्युटर शेतस. दोन वरीस व्हयनात, टोप्या घालीसन बसेल शेतस. चाबी मन्हाजोडे शे. रोज धूळ झटकस अन् परत कुलूप लावस. पहिले त्या धा ते उघडा, मंग ग्रह फोडा!”

मग नाना खो खो हसले, इतके की त्यांना ठसका लागला. संघमित्रालाही रडता रडता हसू फुटलं.

ठसका थांबल्यावर नानांनी डोळे पुसत विचारलं, “कोनी पोर तू?”

“राजदीप अहिरेंची. माझे आजोबा भिका अहिरे. मी तीन वर्षांची असताना ते गेले.”

नानांचा हात थांबला. मित्रांनो, माझीही तीच गत झाली. तो पुसून टेकवलेला हात, पांढरा शर्ट, सात महिन्यांची वाट, सगळं मला काल घडल्यासारखं आठवलं. नानांनी तिला सगळी हकिकत सांगितली, वादळापासून पाळण्यापर्यंत.

“तो पाळणा आमच्या घरी आहे!” संघमित्रा म्हणाली. “बाबा त्यात झोपले, मी झोपले, आकाश झोपला. आता आजी त्यात गोधड्या ठेवते.”

“भिकाले इचारं नसतं ते तो पाळना बी व्हयना नसता,” नाना म्हणाले आणि त्यांनी मला तिच्या हातात दिलं. “ह्या लाकूडवर तुन्हा आजलाना हात शे. आते काताना का नही, तूच सांग. तू म्हनशी ते करसू.”

त्यांनी चरकावरचं लाटणं उतरवून जागा मोकळी केली. पटाशी तयार होती. माझा सगळा जीव त्या पोरीच्या मुठीत होता, आणि तिची मूठ घट्ट मिटलेली होती.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिची आजी पार्वताबाई भाकरी थापत होत्या. संघमित्राने मला गोधड्यांवर, पाळण्यात ठेवलं. बेचाळीस वर्षांनी आम्ही भाऊ भाऊ भेटलो. पाळण्याच्या खुंटांवर दोन पिढ्यांच्या दातांच्या खुणा होत्या आणि तो माझ्यापेक्षा जास्त गुळगुळीत झाला होता. आकाश येऊन बसला. त्याने मला हातात घेतलं आणि करवतीच्या खाचेत बोट घातलं.

“आजी, आजोबांनी काय सांगितलं होतं गं त्या दिवसाचं?” संघमित्राने विचारलं.

पार्वताबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “ते म्हनेत, माले कोनी इचारं, तो पहिला दिन व्हता.”

एवढंच म्हणून त्या पुढची भाकरी थापायला लागल्या. संघमित्रा बराच वेळ पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने नूतन मॅडमना सांगितलं, की बुध कापायचा नाही. आणि त्याच दमात विचारलं, की संगणकाची खोली उघडाल का? मॅडम मुख्याध्यापकांकडे गेल्या. काही मोडलं तर मी जबाबदार, असं त्यांनी लिहून दिलं तेव्हा कुठे कुंदामावशींच्या किल्लीला काम मिळालं. टोप्या उतरल्या. मॅडमनी शोधून काढलं, की रिकामे असलेले संगणक आपला वेळ औषधांच्या संशोधनाला उसना देऊ शकतात. कुठल्यातरी मोठ्या गणिताचा चिमुकला तुकडा येतो, आपला संगणक तो सोडवतो आणि परत पाठवतो. सकाळी त्या दहांवर मुलं शिकायची आणि बाकीचा वेळ ते गणितं सोडवायचे. त्यातल्या एखाद्या तुकड्याने आकाशला कधी आराम पडेल की नाही, कोणालाच माहीत नाही. पण संघमित्रा रोज त्यांच्या पडद्यावरचे आकडे बघून यायची आणि तिच्या कपाळावरची एक तरी आठी कमी झालेली असायची.

प्रदर्शनासाठी सूर्यमाला धुऊन पुसून घेतली. पाटावरची धूळ गेल्यावर दोन नावं वर आली, अभिमन पाटील आणि भिका अहिरे. संघमित्राने दुसऱ्या नावावर तेलाचं बोट फिरवलं. नानांनी मूठ दुरुस्त केली. माझी खाच भुशाने आणि सरसाने बुजवून देतो म्हणाले, पण संघमित्रा म्हणाली, राहू द्या. सूर्याला नवा बल्ब आला. आता तो नऊ वॅटचा आहे, पूर्वीसारखा चटका देत नाही. माझं वयही आता चटके सोसण्याचं राहिलेलं नाही.

जळगावला आमच्या टेबलावर पाटी होती, ‘बांधावरचा बुध’. मी मधोमध, अख्खा. माझ्या डाव्या बाजूला पुठ्ठ्यावर एक रंगवलेला पंजा होता, त्याखाली लिहिलं होतं, ‘आज असलेल्यांचा हात’. उजव्या बाजूला नुसती पंजाची रेघ आणि खाली, ‘अजून यायचा आहे’. बुधाचे संगणक करावेत असं ज्याला वाटेल त्याने डाव्या पंजावर हात ठेवायचा. पुष्कळांनी ठेवला. कोणी हसत, कोणी विचार करून. उजवा पंजा दिवसभर कोराच होता.

परीक्षक टेबलापाशी आले. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, “म्हणजे तुझा संगणकाला विरोध आहे?”

“नाही सर. माझ्या भावासाठी मला पुष्कळ संगणक हवेत.”

“मग एका निर्जीव दगडासाठी का अडतेस? उद्या खरंच गरज पडली तर?”

“गरज पडली तर घेऊ की सर. पण सगळा नको. तिकडच्यांचं निम्मं ठेवून. त्यांना त्याचं काय करायचं असेल, आपल्याला आज कसं कळणार? माझ्या आजोबांना पाळणा हवा असेल, हे पाटीलबाबांना तरी कुठे माहीत होतं?”

मग तिला पाळण्याची गोष्ट सांगावी लागली. परीक्षकांनी शेवटी विचारलं, “आणि तोपर्यंत तुझ्या भावाने काय करायचं?”

“त्याच्यासाठी शाळेतले दहा उघडले, सर. तुमच्या ओळखीत कुठे टोप्या घातलेले असतील तर तेही उघडायला सांगा ना.”

परीक्षक हसले, पण खिशातून डायरी काढून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पहिला नंबर सावद्याच्या मुलांना मिळाला. केळीच्या मुळाशी ओल किती आहे ते ओळखून पाणी सोडणारं यंत्र त्यांनी केलं होतं, आणि ते खरोखर छान होतं, मलाही कबूल करावं लागतं. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. संघमित्रा थोडी हिरमुसली, मग तिने सावद्याच्या मुलांकडून यंत्राची सगळी माहिती लिहून घेतली.

दुपारी पार्वताबाई आकाशला घेऊन आल्या. त्याने अंगात दोन स्वेटर घातले होते. तो आमच्या टेबलापाशी उभा राहिला, डाव्या पंजावर त्याने डावा हात ठेवला आणि लगेच उजव्या पंजावर उजवा ठेवायला गेला. संघमित्राने तो वरच्यावर धरला.

“एकाच माणसाचे दोन्ही हात चालत नाहीत रे.”

“मग हा कोणाचा?”

“तुझ्या नातवाच्या नातवाचा.”

आकाशने त्या कोऱ्या पंजाकडे बघितलं. “त्यालाबी सिकलसेल व्हई का?”

संघमित्रा खाली बसली, त्याच्या स्वेटरचं बटण लावलं आणि म्हणाली, “नही व्हवाव. त्याना पहिलेच औषध सापडी.”

“मंग तो बुधनं काय करी?”

“माले काय माहीत? तो उना का त्यालेच इचारसूत.”

आकाशचं समाधान झालं. तो मूठ फिरवायला लागला आणि मी सूर्याभोवती निघालो. इतक्या वर्षांनी!

मित्रांनो, आता आम्ही संगणकाच्या खोलीत खिडकीपाशी असतो. सकाळी मुलं येतात, दुपारी दहा संगणक हलक्या आवाजात घुमत असतात. कुंदामावशी पुसायला येतात तेव्हा पहिला हात माझ्यावरून फिरवतात, निदान मला तसं वाटतं. प्लूटो दाराशी असतो, तो म्हणतो, इथे बरं आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो. या हिवाळ्यात आकाशची दोनच दिवस शाळा चुकली.

आकाशातला खरा बुधही अजून फिरतो आहे, त्याला कोणी करवत लावलेली नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात माझ्या नानांच्या पटाशीपेक्षा फार मोठी हत्यारं येतील. तुमच्या घरात, तुमच्या शाळेत जे टोप्या घालून बसलेलं असेल ते आधी उघडा. आणि मग एखादं झाड, एखादी टेकडी किंवा एखादा ग्रह तोडायला निघालात, तर बांधाच्या पलीकडे कोण आहे ते एकदा बघा. तिथला माणूस सुरतेला गेलेला असेल, नाहीतर अजून जन्माला यायचा असेल. त्याचं निम्मं ठेवा.

माझ्या शेजारचा उजवा पंजा अजून कोराच आहे. मला काही घाई नाही. मी नुसतं लाकूड होतो तेव्हाही अंगणात पडून एका हाताची वाट पाहिली होती, आणि तो आला होता.